वीटभट्टीवरचा तो शॉट दामूमामाचा आहे

पंधरा दिवसांपूर्वी भर सभागृहात मी माझ्या मामाचं श्रेय चोरलं.

आज सकाळी तो गेला.

आमच्या फिल्ममधला वीटभट्टीचा शॉट बघून तुम्ही इतक्या जणांनी मला मेसेज केलेत. तो शॉट दामूमामाचा होता.

पनवेलला एसटी स्टँडजवळ त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान. अर्धं आयुष्य लग्नं आणि हळदी. दहावीच्या सुट्टीत मी त्याचा लाइट धरायला लागले. कॅमेरा तिथेच शिकले, कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये नाही.

पहिला धडा: "बाय, नवरी हाय त्यापेक्षा उजल दिसली पायजे. नायतर पार्टी कॅसेट घेत नाय."

पेन ड्राइव्हलाही तो कॅसेटच म्हणायचा.

या फिल्मचं छायांकन माझ्याकडे होतं. मामा लाइट सांभाळायला आला.

पनवेलबाहेरची एक भट्टी, भर दुपार. ताराबाई तिथेच विटा थापतात. फिल्ममध्येही त्याच, झोपडीही त्यांचीच. शॉट साधा: कामावरून येतात, बसतात, पाणी पितात.

मी सवयीने आत मोठा लाइट लावला. हंडा, बोचकी, चेहरा, सगळं लख्ख.

ताराबाईंनी मॉनिटर पाहिला आणि हसतच सुटल्या.

"कोनाचं लगीन हाय माज्या घरात?"

सगळं युनिट हसलं. मामा हसला नाही. त्याने लाइट बंद केला आणि त्यांना विचारलं, "उनातनं घरात आली का पयलं काय दिसतं तुला?"

"पयलं? कायच नाय. जरा बसली का मंग हंडा दिसतो."

"मंग तेच दाखवू."

मी घाबरले. "मामा, स्क्रीन काळी जाईल. लोक म्हणतील हिला एक्स्पोजर कळत नाही."

"जाऊं दे काली. लोकांचे डोले पन तिच्यासारकेच हायत."

आयुष्यभर स्टुलावर चढून लग्नं शूट केलेल्या माणसाने कॅमेरा जमिनीवर ठेवायला लावला. ताराबाई बसतात त्या उंचीला.

कॅमेऱ्यात किती उजेड शिरेल ते ठरवणारी रिंग त्याने बाहेरच्या उन्हाच्या हिशोबाने लावली. दारातून भट्टी स्पष्ट दिसत होती.

ताराबाई वाकून आत आल्या आणि नाहीशा झाल्या. नुसता बांगड्यांचा आवाज.

मग मामा अंगठ्याने रिंग उघडत गेला. इतकी हळू, की शेजारी बसूनही मला कळलं नाही.

आधी हंडा.

मग हात.

सगळ्यात शेवटी चेहरा.

तोवर दारातली भट्टी पांढरी होऊन पुसली गेली होती. ट्रक, विटांच्या रांगा, मालकाची खुर्ची, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. एक बाई पाणी पीत होती.



संगीत नाही, संवाद नाही, गरिबीवर एक शब्द नाही. उजेड किती आणि कधी, एवढंच. आणि आपण तिच्या घरात तिच्यासमोर बसलेलो असतो. कितीदा पाहिला तरी अजून अंगावर काटा येतो.

स्क्रीनिंगनंतर कुणीतरी विचारलं, "हे कसं सुचलं?" माईक माझ्या हातात होता.

"प्रोसेसमध्ये सुचत गेलं," मी म्हणाले.

मामा तिसऱ्या रांगेत होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "मामा, तुझं नाव घ्यायला हवं होतं मी."

"घेशील की. घाई काय हाय?"

माझं काय होतं तेही लिहिते. फोकस माझा. हात दिसतात तिथे तो किंचित सुटून चित्र धूसर झालंय, नीट बघा.

दुपारी त्याला पोहोचवून आल्यावर दिग्दर्शकाला फोन केला. म्हटलं, छायांकनात पहिलं नाव त्याचं टाक.

"तुझं आयुष्यातलं पहिलं क्रेडिट आहे गं. विचार कर."

"केलाय."

नवी कॉपी निघतेय.

मामा, मला उशीर झाला. नीट जा.