सावलीत टिपलेले आकडे

मी खोटे आकडे लिहिले. पत्र्याची घरं उन्हाळ्यात किती तापतात याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांसाठी मी बदनापुरात नोंदी घेत होतो. जी घरं जास्त तापतील, त्यांच्या पत्र्यावर आधी घर थंड ठेवणारा नवा पांढरा लेप लागणार होता. शेजारच्या खालाच्या एका खोलीच्या घरात तिचा लकवा झालेला नवरा पडून असे. दारातूनच येणाऱ्या वासानं मला मळमळायचं. म्हणून मी तापमान मोजायचं यंत्र बाहेर कडुलिंबाखाली धरायचो आणि तोच आकडा घरातला म्हणून लिहायचो.

लेप दुसऱ्या घरांना लागला. खाला हसून म्हणाली, "काय बेटा, तुझ्या मशीनला आमचं घर थंडगार म्हैसमाळ वाटलं का रे?" मीही हसलो.

मे महिन्यात भर दुपारी तिचा नवरा गेला. उन्हानंच गेला का, हे आता कुणालाच कळणार नाही. संशोधकांना मी खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी ते घर अभ्यासातूनच वगळलं.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी पहिल्यांदा त्या खोलीत जाऊन बसलो. पत्रा तापलेलाच होता.

"खाला, मी कधी आत आलोच न्हाई. सगळे आकडे सावलीतले होते. माझं चुकलं, मला माफ कर."