कापडावरचा नळ

निवृत्त नर्स आराबा एशुन रोज सकाळी मक्याची आंबील पिता पिता रेडिओशी भांडायची. सोनं काढणाऱ्यांनी प्रा नदीचा पार चिखल केला होता आणि मंत्री सांगत होता, समिती नेमली आहे.

"समितीलाच पाज ते पाणी," आराबा म्हणायची. "मेले चोर."

गावातल्या बायकांच्या मंडळाने शाळेतल्या पाण्यासाठी वर्गणी जमवली होती. टाकी आली, नळ आला. पाणी गाळायचं यंत्र तेवढं यायचं होतं. रविवारच्या सभेत आले ते कापडाचे गठ्ठे. निळंशार कापड, त्यावर मंडळाचं नाव आणि धो धो वाहणारा नळ. एरवी मयत असो की बारसं, सगळ्याजणी एकसारखं कापड नेसायच्या, पण ते जिचं तिने विकत घ्यायचं. या खेपेला अध्यक्ष फिलोमिनाने ते फुकट वाटलं.

"आणि यंत्राचे पैसे?" आराबाने विचारलं.

"उद्घाटनाला खासदार येणार, सिस्टर. एकसारखं कापड नसलं तर आपल्याला मंडळ कोण म्हणेल?"

"मुलं काय कापड पिळून पिणार?"

"तुझं रेडिओचं भांडण इथे नको हं. ते कोट्यवधी खातात. आपण काय, सहा-सहा वार. यंत्राचं पुढच्या वर्षी बघू."

बाया हसल्या. आराबाचं डोकं फिरलं. सगळ्यांनी कापडाचे पैसे भरा, असं तिने ठणकावलं, पण कोणी दाद देईना. तणतणत उठली खरी, पण आपलं कापड घेऊनच. सगळ्या निळ्यात आणि आपण एकटीच वेगळी, हे तिला सोसलं नसतं.

नळ कोरडा दिसू नये म्हणून फिलोमिनाने उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टाकीत नदीचंच पाणी ओतवलं होतं. खासदारांनी नळ सोडला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पाणी चहासारखं तांबूस होतं. रांगेतल्या पहिल्या मुलीने तरीही पेला भरून ओठाला लावला. आराबाने धावत जाऊन तो हिसकावला.

मुलीने तिच्या कापडावरच्या नळाकडे बोट दाखवलं. "आंटी, तुमचंच पाणी ना हे?"

संध्याकाळी रेडिओवर पुन्हा तोच मंत्री, तीच समिती. आराबाने तोंड उघडलं आणि मिटलं. संताप तर अनावर झाला होता, पण शिव्या नेमक्या कोणाला द्यायच्या ते कळेना. तिने रेडिओ बंद केला, पेन्शनमधून आपल्या सहा वारांचे पैसे काढले आणि फिलोमिनाच्या घराकडे निघाली. नोटा तिने मुद्दाम हातात उघड्या धरल्या होत्या. वाटेत जिथे जिथे निळं कापड दिसलं, त्या प्रत्येक दारात ती थांबली.