बांगड्याचा स्टिकर

सानिका नववीत आहे आणि वर्गात शिरली की आधी फळा पुसते, मग वर्ग कोणाचाही असो. त्यामुळे यंदा नववीच्या मुलांनी पाचवीच्या मुलांना मोबाईलचं शहाणपण शिकवायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव तिचंच निघालं.

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी विकणाऱ्या विमलाची ही मुलगी. आवाज आईचा. "कुणाचा फोटो न विचारता पुढे पाठवायचा नाही," तिनं सांगितलं. "कुणी चिडवलं तर लपवायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. कळलं?"

"कळलं, ताई," सगळा वर्ग म्हणाला. दुसऱ्या बाकावरच्या नितेशनं तेवढा हात वर केला.

"ताई, माझा बांगडा कोणी केला?"

वर्ग फसकन हसला. गॅदरिंगच्या वेशभूषेत नितेश बांगडा झाला होता. अंगभर चंदेरी कागद, मागे पुठ्ठ्याची शेपटी. ती शेपटी पडद्यात अडकली आणि तो तोंड उघडं टाकून स्टेजवर आडवा झाला. त्या क्षणाचा कुणीतरी स्टिकर केला, खाली लिहिलं 'ताजा'. तो जेटीवर पोचला आणि मासळीवाल्यांना आयताच सापडला. बांगडा आला की गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर नितेश पडायचा. अर्ध्या रत्नागिरीला त्यावरून जेवणाचा बेत कळायचा. नितेश जाईल तिथं "बांगडा आला गो" ऐकू यायचं, म्हणून महिनाभर तो जेटीचा रस्ता सोडून लांबच्या वाटेनं शाळेत येत होता.

सानिकानं डस्टर खाली ठेवलं.

"मी," ती म्हणाली. "एकाच मैत्रिणीला पाठवलेला."

आता कुणी हसलं नाही.

"सोमवारपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून काढते," ती म्हणाली. शब्द देऊन झाल्यावर 'सगळ्यांच्या' म्हणजे किती, हे तिच्या लक्षात आलं असावं.

सुरुवात घरापासून झाली. "मग गिऱ्हाइकांना मी काय पाठवू?" विमला म्हणाली.

"बांगडा आला, असं लिही."

"लिहीत बसू की मासळी कापू? तूच दिलास ना मला तो, हे बरं म्हणून?"

"मी दिला नाय गो आई. तुला तो मावशीनं पाठवला."

"आणि मावशीला?"

"फिरत फिरत माझ्याकडूनच," सानिका म्हणाली. विमलानं स्टिकर काढला आणि त्या दिवसापासून ती गिऱ्हाइकांना बोलून निरोप पाठवू लागली. तो निरोप फोन कानाला न लावताही ऐकू येतो.

मग सानिका गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरली. माझ्याकडेही आली. मी विमलाकडूनच मासळी घेते. तिनं फोन हातात घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही हा जपून ठेवलात?"

मी चहाचं विचारलं. ती नको म्हणाली.

स्टिकर कुणाकुणाकडे गेलाय याची तिनं यादी केली होती; शनिवारपर्यंत तिच्यात ठाऊक असलेलं एकच नाव उरलं, गंगाराम तांडेल. त्याची मासेमारीची लाँच समुद्रात होती आणि तिथं फोन लागत नाही. रविवारी सकाळी सानिका जेटीवर जाऊन उभी राहिली. लाँच लागली, बर्फातली मासळी टोपल्यांतून उतरली, तरी ती हलली नाही.

"काय गो, लिलाव बोलायला आलंस?" गंगाराम म्हणाला.

स्टिकर आपणच केल्याचं कबूल करून तिनं काम सांगितलं. गंगाराम मान हलवू लागला. "तो नाय काढायचा. निघताना खलाशांना तो पाठवला की जाळं भरतं. तीन खेपा बघितलंय."

"काका, तुमचं तोंड कुणी सुरमईला लावलं तर?"

"लाव की. जरा गोरा तरी दिसेन."

भोवतीच्या बायका हसल्या. सानिका नाही हसली. "नितेश महिनाभर या रस्त्यानं आला नाय, काका."

"कोण नितेश?"

"हरिश्चंद्रकाकांचा."

गंगारामनं फोन डोळ्यांजवळ नेला. चंदेरी कागदातलं ते तोंड त्यानं आजवर नीट पाहिलंच नव्हतं. हरिश्चंद्र त्याच्याच लाँचवर बारा वर्षं खलाशी आहे, आणि दर खेपेला हा स्टिकर त्यालाही जात होता.

"आणि हा माणूस एका शब्दानं बोलला नाय मला," गंगाराम हळू म्हणाला. मग त्याचा आवाज चढला आणि त्यानं सानिकाला जे सुनावलं, ते ऐकायला लिलाव थांबला. सुनावता सुनावताच त्यानं स्टिकर काढला.

सोमवारी सानिका पाचवीच्या वर्गात गेली. फळा तसाच राहिला.

"एकतीस फोनांतून काढला," ती नितेशला म्हणाली. "पण मुंबईला कुणाकुणाकडे गेलाय, ते मला नाही कळलं. सगळ्यांच्या म्हणाले होते, ते नाही जमलं."

नितेशनं विचार केला. "गंगारामकाका ओरडले म्हणे तुला."

"हो."

"खूप?"

"सगळ्या जेटीसमोर."

"रडलीस?"

"थोडी. घरी जाऊन."

त्यानं वहीचा कोपरा दुमडला, परत सरळ केला.

"उद्या जेटीवरून येईन," तो म्हणाला. "पण तू पुढे चालायचं. कुणी हाक मारलीच, तर ती आधी तुला लागू दे."