न फुटलेला नारळ

आमच्या पुढच्या खोलीत मी शिवणवर्ग चालवत असे. एक दिवस आमचे हे नोकरी सोडून घरी आले आणि ती खोली मागू लागले. त्यांना हळद दळायची चक्की टाकायची होती. समुद्रपूरकडची हळद, तिचा रंग, तिचा वास यावर त्यांनी माझं इतकं डोकं खाल्लं की शेवटी मी मुलींना निरोप दिला आणि शिलाई मशीन माळ्यावर चढवली. चक्की बंद पडली तर खोली परत माझी, एवढं मात्र कबूल करून घेतलं.

चक्की आली, वीज जोडली, हार घातला, समोर नारळ ठेवला. तो फोडला की धंदा सुरू झाला असं आमच्या घरात धरतात. तेवढं एकच काम उरलं होतं आणि ते उरलं ते उरलंच. आधी अमावास्या आडवी आली, मग नारळ फोडायला यायला माझ्या भावाला सुट्टी मिळेना, मग बाजार मंदा आहे असं कळलं.

गंमत म्हणजे चक्की रोज फिरत होती. शेजारणी डबे भरून हळकुंडं आणायच्या आणि आमचे हे फुकट दळून द्यायचे. कुणी पैसे पुढे केले की घाईघाईनं मागे सरायचे. "राहू द्या, ट्रायल चालू हाये. नारळ फुटाचा हाये अजून."

घरभर पिवळी धूळ झाली. पाणीसुद्धा हळदीचं लागायचं. शेवटी मी विचारलं, "काऊन थांबले तुमी?"

"सुरू केलं अन् नाई चाललं तं?"

"तं बंद करू."

"बंद? वर्ध्यापासून पुलगावपर्यंत लोकं हासतीन!"

वर्ध्यापासून पुलगावपर्यंत यांना ओळखणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. पण भित्र्या माणसाला स्वतःची प्रसिद्धी फार मोठी वाटते. इकडे माझी मात्र पंचाईत झाली. जे सुरूच झालं नाही ते बंद कसं पडणार, आणि बंद पडत नाही तोवर मला खोली कशी मिळणार? मला त्या माणसाची कीव येत नव्हती, चीड येत होती.

एका सकाळी शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या. हे चक्कीला हात लावणार तोच मी नारळ उचलला आणि उंबऱ्यावर आपटला.

आत सडलेला निघाला. काकूंनी नाकाला पदर लावला. आणि आमच्या ह्यांचा चेहरा? लग्नाच्या दिवशीही मी तो इतका खुललेला पाहिला नव्हता.

"पाह्यलं? देवालेच मंजूर नाई. बरं झालं मी सुरू नाई केलं!"

"देवाले कायले मधात आणता? तुमची वाट पाहूपाहू सडला तो."

मग मी काकूंकडे वळले. "काकू, आजपासून दळाईचे पैसे लागतीन."

काकूंनी कनवटीची गाठ सोडली. आमचे हे घामाघूम होऊन माझ्या कानाशी लागले. "अन् उद्या त्या नाई आल्या तं?"

"तं खोली माही," मी म्हणाले आणि चक्कीचं बटण दाबलं.