नथूभियांचा गेज

आमच्या शेजारचे नथूभिया कुणाच्याही घरी गेले की आधी फट शोधायचे. दार चौकटीला नीट लागत नाही, कुकरचं झाकण एका बाजूनं उचललंय, हे सांगितल्याशिवाय गडी खाली बसत नसे. आनंदीवहिनी म्हणायच्या, "लग्नातही यांनी मला नाही, मांडवाचे खांब पाहिले."

ही खोड मिलमधली. कार्डिंग खात्यात कापूस विंचरणारा मोठा ढोल आणि त्याभोवतीच्या पट्ट्या यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. पोलादी पत्त्यांचा गेज आत सरकवून ती मोजायची. नथूभिया खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम. पत्ती फिरवून म्हणायचे, "गेज लागला," म्हणजे फट बरोबर आहे. मग त्या मशीनला कुणी पुन्हा हात लावत नसे. खात्याचा तसा रिवाजच होता. जॉबरच्या बोलण्यावर पुन्हा तपासणं म्हणजे त्याचा अपमान.

नव्वदीनंतर मिल बंद पडली. शहरातल्या ए. बी. रोडवर चकचकीत शोरूम उघडत होते आणि इकडे चांगले चांगले कारागीर भाजीचे ठेले लावत होते. नथूभियांचे वडील महूच्या छावणीत बंदुका दुरुस्त करायचे. त्या नावावर राजवाड्यामागच्या एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानात त्यांना काम मिळालं. ते खूष होते. मलाही वाटलं, चला, एक जण तरी वाचला.

एक दिवस दुकानात कृष्णराव आले. मिलमधले जुने सोबती, मिलच्या सजवलेल्या झाँकीच्या मिरवणुकीत ढोलक वाजवणारे. वडिलांकडून आलेली बत्तीस बोरची रिव्हॉल्व्हर आणि तिचं लायसन्स, एवढ्या भांडवलावर त्यांना बंद मिलच्याच फाटकावर गार्डाची नोकरी लागली होती.

"नथूभिया, फायर केला की बाजूनं चिनगाऱ्या उडतात यार. जरा देख तो."

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचा सिलेंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असतेच. ती जास्त झाली की पेटलेला गॅस आणि शिशाचे कण तिथून बाहेर फेकले जातात. नथूभियांनी नळी खाली, जमिनीकडे करून पत्ती आत घातली. ती हवी तशी अडली. "गेज लागला, कृष्णरावजी. नळीचं तोंड घाण झालंय, साफ करून देतो."

चूक तिथेच झाली. मिलमधला ढोल बोल्टनं कसलेला असतो, तो पुढेमागे सरकत नाही. झिजलेल्या रिव्हॉल्व्हरचा सिलेंडर सरकतो. नळी खाली केल्यावर तो आपल्याच वजनानं पुढे आला होता आणि फट झाकली गेली होती. मागे ढकलून मोजायला हवं होतं.

महिन्याभरात मिलमध्ये तांब्याची तार चोरायला लोक घुसले. कृष्णरावांनी दोन्ही हातांनी, डावा अंगठा सिलेंडरच्या बाजूला टेकवून, रिव्हॉल्व्हर धरली आणि हवेत गोळी झाडली. चोर पळाले, पण फटीतून निघालेल्या झोतानं डाव्या हाताचा अंगठा फाडला. जखम भरली, अंगठा मात्र वळेना. सिक्युरिटीवाल्या ठेकेदारानं ठरवलं, म्हाताऱ्याला हत्यार धरता येत नाही, काढून टाका.

रिव्हॉल्व्हर पुन्हा नथूभियांच्याच टेबलावर आली. या वेळी त्यांनी सिलेंडर मागे दाबला. जाड पत्तीसुद्धा आरामात आत गेली. त्यांनी ती काढून पुन्हा घातली. पातळ वॉशर घालून सिलेंडरचं सरकणं थांबवायचं आणि नळी एक आटा आत बसवून फट कमी करायची, एवढंच काम होतं. ते त्यांनी केलं. अंगठा कसा दुरुस्त करायचा?

घरी जेवण जाईना. आनंदीवहिनी म्हणाल्या, "ठेकेदाराला खरं सांगा. तुमची नोकरी गेली तर जाऊ दे, मी शिवणकाम करीन." पण आधी कृष्णरावांना सांगायला हवं होतं. नथूभिया त्यांच्या घरी गेले आणि रिव्हॉल्व्हर पुढे ठेवून सिलेंडर कसा सरकत होता ते सांगू लागले. "मी नळी खाली करून पाहिलं, कृष्णरावजी. माझी चूक आहे. उद्या ठेकेदाराला तेच सांगतो."

कृष्णराव हसले. "मला माहीत आहे ना. घरी तेल देताना बोटानं सिलेंडर ढकलला, तो हलत होता. मनात आलं, परत जाऊन नथूला दाखवू."

"मग आला का नाही?"

"तू बोलला होता ना, गेज लागला. अठ्ठावीस वर्षं मी त्या शब्दावर मशीन चालवली. तुला परत तपासायला कसं सांगणार, भिया?"

नथूभिया ठेकेदाराकडे गेलेच. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण हात तर गेलाच ना? बिना अंगठ्याचा गार्ड घेऊन मी काय करू?" कृष्णरावांची नोकरी गेली ती गेलीच. नथूभियांची मात्र राहिली. दुकानमालकाच्या कानावर गेलं, पण त्यानं नुसतं झापलं. तेच त्यांना सहन होत नाही. मालकानं काढलं असतं तर बरं झालं असतं, असं ते मला अनेकदा म्हणाले.

आता कुणी रिव्हॉल्व्हर घेऊन आलं की नथूभिया सिलेंडर मागे दाबून धरतात आणि पत्ती गिऱ्हाइकाच्या हातात देतात. गिऱ्हाईक वैतागतं, "अरे भिया, तुम बोलो ना, ठीक आहे की नाही?"

"माझ्या बोलण्यावर नका जाऊ," नथूभिया म्हणतात, "घाला पत्ती, तुम्हीच बघा."