पन्नासच्या वरची धार

मी मारका मास्तर होतो. पालमजवळच्या शाळेत विज्ञान शिकवताना माझ्या हातात लाकडी पट्टी असायचीच. मोजपात्र टेबलावर ठेवा, डोळे पाण्याच्या पातळीत आणा, पाण्याच्या खोलगट वळणाचा तळ बघा. जितके मिलिलिटर चूक, तितक्या पट्ट्या. पोरांना मोजता येतं ते माझ्या धाकाने, असं मी छाती फुगवून सांगायचो.

मेंढरं राखणाऱ्या घरातली एक पोरगी मात्र पन्नास सांगितलं की रोज दोन-तीन जास्तच भरायची. आधी रेघेवर अचूक थांबायची आणि मग मुद्दाम वरून थोडं ओतायची. तळहात सुजले तरी तेच. एकदा मी ओरडलोच, “अगं, का पण?”

“आमी दूध घालताना माप झाल्यावर वरून धार घालताव, सर. न्हाई घातली तर लोकं मापात मारलं म्हन्तेत.”

वर्ग हसला. मला वाटलं, ही माझी टर उडवतेय. कानाखाली अशी वाजवली की तिचा हात मोजपात्रावर आदळला. ते फुटलं आणि काच तळहातात घुसली. टेबलावरच्या पाण्यात रक्त पसरत गेलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. पोरीने काच फोडली, एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी माझ्यासमोर तिला लाथ घातली, वेणी धरून फरफटवली. “आता एक जरी फुटलं तर शाळा बंद! मेंढरामागं जायचं!” माझ्या चपराकेने फुटलं, हे मला सांगता आलं असतं. नोकरीच्या भीतीने मी गप्प राहिलो. तिनेही माझं नाव सांगितलं नाही. माझ्या त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

आठवड्याने प्रात्यक्षिक परीक्षा होती. पट्टी मी कपाटात टाकली होती. फडकं बांधलेल्या हाताने ती पाणी ओतू लागली, तर चंचुपात्र मोजपात्राच्या काठावर कडकड वाजायला लागलं. दोन्ही निसटायच्या बेतात होती. धरायला मी पुढे झालो, तशी तिने मान आखडून खांद्याने कान झाकला.

“सर,” खाली बघतच ती म्हणाली, “तुमी भाईर हुबं राव्हा. तुमी जवळ आले की हात लय थरथरायलाय.”

मी व्हरांड्यात जाऊन खिडकीतून बघत राहिलो. काचेचा आवाज थांबला. तिने पाणी रेघेवर आणलं आणि हात आवरला. वरची धार घातली नाही. मग वाकून डोळे पातळीत आणले आणि मला ऐकू येईल असं म्हणाली, “पन्नास.”

दोन्ही पात्रं शाबूत होती. आत जायचा मला धीर झाला नाही.