गोजराबाईच्या तीन रांगा

वाणगावजवळच्या मुलींच्या आश्रमशाळेत गोजराबाई एकवीस वर्षं कामाठी आहे. मुलींना उठवायचं, आंघोळीला पाठवायचं, तेल-फणी करायची, आजारी असेल तिच्याजवळ बसायचं. बाई एका जागी टिकत नाही. जेवतानाही अर्ध्यातून उठून खोल्यांत डोकावून येते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात वसतिगृहात खरूज आली आणि खाजवून खाजवून मुलींच्या अंगावर पुवाचे फोड उठले. उपकेंद्राच्या चारुता सिस्टर सगळ्यांना तपासून गेल्या. जाताना गोजराबाईला म्हणाल्या, "रोज सकाळी तीन रांगा करा. खपली, बारके फोड, ताप नाही, ती पहिली. तिला मलम. गळू झालंय, भोवती लाल आणि गरम लागतंय, ती दुसरी. तिला त्याच दिवशी माझ्याकडे आणा. लाली पसरतेय, ताप आहे, पोर मलूल झालीय, ती तिसरी. तिला घेऊन माझी वाट बघू नका, थेट पालघर."

गोजराबाईला लिहिता येत नाही. रांगा तिने तोंडपाठ केल्या.

एका गुरुवारी सातवीतली सपना पहिल्या रांगेत आली. पोटरीवर खाजवल्याची लहानशी जखम, जरा सुजलेली. ताप नव्हता. "मावशी, लय दुखते," ती म्हणाली. दिसायला तसं काहीच नव्हतं. गोजराबाईने मलम लावून तिला वर्गात पाठवलं.

आणि मग तिला चैन पडेना. तांदूळ निवडायला बसली, उठली. कपडे वाळत घातले, पुन्हा वर्गाच्या खिडकीशी आली. सपना बाकावर डोकं टेकून होती. बाहेर बोलावलं तर पोरीला पाय टेकवेना, जखमेभोवती लाल झालं होतं. गोजराबाईने एका मुलीचं पेन घेतलं आणि लालीच्या कडेनं रेघ मारली. सिस्टरचा फोन लागेना. अर्ध्या तासात लाली रेघेच्या दोन बोटं पुढे गेली. अंग भाजत होतं.

अधीक्षिका मीटिंगला डहाणूला होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, "दुपारी गाडी येईल, तोवर थांबा. सकाळी तुम्हीच तिला पहिल्या रांगेत घातलंत ना?"

"मीच घातली. चुकली मी. आता थांबायची नाय."

तिने रस्त्यावर उभं राहून एक इको गाडी थांबवली आणि सपनाला आत बसवलं. बोईसरला कारखान्यांच्या ट्रेलरांची कोंडी होती. गोजराबाई खाली उतरली आणि गाडीच्या पुढे चालत, ट्रेलरांच्या दारांवर थापा मारत ओरडत राहिली, "हटाव, हटाव! पोर बीमार हाय!"

पालघरच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पोटरी दाबताच सपना किंचाळली. "ही रेघ किती वाजताची?" त्यांनी विचारलं.

"साडेअकराची."

"दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतंय. जंतू कातडीखाली खोल गेलेत. आत्ताच उघडून सडलेला भाग काढावा लागेल."

संध्याकाळी सपनाची आई नवसी डोंगरातून आली, तोवर पहिलं ऑपरेशन झालं होतं. गोजराबाईने तिला काहीच लपवलं नाही. "सकाळी ती बोलली मला, लय दुखते. मी डोळ्यांनी बघितला, कानांनी नाय ऐकला."

 नवसीने गोजराबाईचा हात धरला आणि दोघी बाकावर बसल्या. पाच मिनिटांत गोजराबाई उठून दाराशी गेली.

दुसरं ऑपरेशन झालं, मांडीची कातडी पोटरीला लावली. पाय वाचला. दिवाळीनंतर सपना शाळेत परतली. ती थोडी लंगडते, अजून खो-खो खेळत नाही.

गोजराबाईने सिस्टरना विचारलंच, "माझाच चुकला ना?"

सिस्टर म्हणाल्या, "मीही तिला पहिल्याच रांगेत घातलं असतं कदाचित. पण दुखण्याचं मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. ते माझं राहिलं."

गोजराबाईचं एवढ्यानं समाधान झालं नाही. आता ती जखम बघण्याआधी पोरीला विचारते, "किती दुखतंय?" आणि उत्तर येईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहते. मागच्या महिन्यात चौघींना ती विनाकारण उपकेंद्रात घेऊन गेली. सिस्टरनी चौघींनाही नीट तपासलं.